एवढं एकच काम!



"एवढं एकच काम आहे, दोन दिवसांत होऊन जाईल!" हे वाक्य तुम्ही घरी कधी ना कधी ऐकलं असेलच. आणि त्या दोन दिवसांचे वीस दिवस कसे होतात, तेही पाहिलं असेल. नळाचा वायसर बदलायला जावं, तर अख्खा नळच हातात येतो. पडदा बदलायला जावं, तर पडद्याची दांडी निघते आणि दांडीबरोबर भिंतीचं थोडं प्लॅस्टरही! मोठी माणसं कपाळाला हात लावतात. आपल्याला मात्र, खरं सांगायचं तर, जरा गंमतच वाटते. हो की नाही?

आज आपण या 'एवढं एकच काम'बद्दलच बोलणार आहोत. जागा निवडली आहे स्वयंपाकघराची. कारण घरातली कामं सगळ्यांत जास्त वाढतात ती तिथंच. का बरं वाढत असतील? जरा डोळे मिटून आपापलं स्वयंपाकघर आठवा. बाहेरच्या खोलीत काय असतं? खुर्च्या, पलंग, कपाट. ते सरकवलं की सरकतं. पण स्वयंपाकघरात एकाच भिंतीपाशी नळाचं पाणी येतं, सांडपाणी जातं, वीज येते, गॅस जळतो, वाफ उठते आणि धान्याचे डबेही तिथंच असतात. सगळे एकमेकांना चिकटून! स्वेटरचा एक धागा ओढला की ओळच्या ओळ उसवते ना, तसंच इथं होतं.

आमच्याच घरी यंदा हे झालं. त्यात आमच्या मुलांना भूमितीपासून रसायनशास्त्रापर्यंत बरंच काही शिकायला मिळालं. म्हणून म्हटलं, या आठवड्यात तेच सांगावं.

एक फळी आणि एक डबा रंग

आमचं घर तालुक्याच्या गावातलं, चाळीसेक वर्षांपूर्वी बांधलेलं. घरात आम्ही दोघं, सातवीतला थोरला, चौथीतली धाकटी आणि मुलांची आजी, म्हणजे माझ्या सासूबाई. आजींचं वय चौऱ्याहत्तर, उंची चार फूट दहा इंच आणि गुडघे कुरकुरणारे. पहाटे साडेपाचला उठून स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायचा, ही त्यांची कितीतरी वर्षांची सवय. त्यासाठी कुणाला उठवायचं नाही, हा नियमही त्यांचाच.

पण चहा-साखरेचे डबे वरच्या मांडणीवर. आजी त्यासाठी स्टुलावर चढायच्या. एका पहाटे स्टूल डगमगलं. थोडक्यात निभावलं, पण मुलांचे बाबा घाबरले आणि म्हणाले, "आई, आता पहाटे चहाला आत जायचं नाही. सहा वाजता आम्ही उठून देऊ." आजी काही बोलल्या नाहीत. मात्र दोन दिवस त्यांनी चहाच घेतला नाही. "इच्छा नाही," एवढंच म्हणायच्या.

आता तुम्हीच सांगा, हा प्रश्न चहाचा होता का? चहा काय, कुणीही करून दिला असता. पण आपल्या हातानं, आपल्या वेळेला, कुणावर भार न टाकता करायची आजींची तेवढी एकच गोष्ट उरली होती. म्हणून मग ठरलं : त्यांच्या हाताला येईल अशी एक फळी भिंतीवर ठोकायची. ती भिंत सोलवटलेली होती, तेव्हा आधी खरवडून तिला रंगाचा हात द्यायचा. काम काय? एक फळी आणि एक डबा रंग. रंगारीकाका म्हणाले, "दोन दिवसांचं काम, बाई."

भिंतीतलं पाणी

रंगारीकाकांनी पत्रा घेऊन भिंत खरवडायला सुरुवात केली, तर पापुद्र्यामागून पापुद्रे निघायला लागले. आत पांढरी भुकटी. "आई, भिंतीला साखर लागलीय!" धाकटी ओरडली.

ती साखर नव्हती बरं का! त्याला लोणा म्हणतात. विटांमध्ये आणि सिमेंटमध्ये काही क्षार असतात. भिंतीत पाणी मुरलं की ते क्षार त्यात विरघळतात. पाणी हळूहळू भिंतीच्या पृष्ठभागाशी येतं आणि वाळून जातं, क्षार मात्र मागं राहतात. उन्हात खेळून आल्यावर घाम वाळतो आणि सदऱ्यावर पांढरी रेघ उमटते, ती पाहिली आहे ना? अगदी तोच प्रकार.

रंगारीकाकांनी ब्रश खाली ठेवला. म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणाल तर यावर रंग मारीन, पैसे घेईन. पण वर्षाच्या आत हेच पापुद्रे पुन्हा निघतील. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा." ज्याला रंगाचेच पैसे मिळणार, तोच माणूस रंग मारू नका म्हणतो! अशी माणसं भेटली की त्यांचं ऐकावं.

मग सुरू झाली शोधमोहीम. तीन साध्या तपासण्या आम्ही केल्या. त्या तुम्हालाही घरी करता येतील.

पहिली तपासणी चांदीच्या कागदाची. पोळ्या गुंडाळायला वापरतो, त्या अॅल्युमिनियमच्या कागदाचा वीतभर चौकोन भिंतीवर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बंद करायचा आणि दोन दिवसांनी काढून बघायचा. कागदाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे खोलीकडे, थेंब जमले असतील, तर ओल खोलीतल्या वाफेची. आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब असतील, तर पाणी भिंतीतूनच येतंय. आमच्या कागदाची आतली बाजू ओलीचिंब होती.

दुसरी तपासणी पाण्याच्या मीटरची. रात्री घरातले सगळे नळ बंद केले, टाकीकडे जाणारं पाणीही बंद केलं आणि थोरल्यानं मीटरवरचा आकडा वहीत लिहिला. पहाटे पाच वाजता, आजी उठायच्या आत, त्यानं पुन्हा आकडा पाहिला. नळ बंद असताना आकडा पुढं सरकला, तर मीटरनंतरचा पाइप कुठंतरी गळतोय असं समजायचं. आमचा आकडा जिथल्या तिथं होता. टाकीतून खाली येणारं पाणीही तसंच तपासलं. रात्री काठीला खूण करून टाकीत पाणी कुठवर आहे ते पाहिलं होतं. सकाळी पाणी खुणेशीच. म्हणजे घरात येणारं पाणी निर्दोष! मग उरलं बाहेर जाणारं पाणी.

तिसरी तपासणी निळीची. कपड्यांना घालतो ती नीळ बादलीभर पाण्यात कालवली आणि ते पाणी सिंकमध्ये ओतलं. अर्ध्या तासानं थोरला बॅटरी घेऊन ओट्याखाली शिरला आणि आतूनच ओरडला, "सापडलं!" भिंतीच्या कोपऱ्यात एक निळा ओघळ उतरला होता.

प्लंबरकाका आले. ओट्यामागच्या भिंतीत सांडपाण्याचा जुना बिडाचा पाइप होता आणि त्याचा सांधा सुटला होता. भांडी घासली की त्यातलं थोडं पाणी भिंतीला मिळत होतं. किती वर्षं, कुणास ठाऊक! आता तिथवर हात पोचायचा, तर ओट्याचा कडप्पा उचलायला हवा. झालं! फळी राहिली बाजूला आणि गवंडीकाकांना बोलावणं गेलं.

(जाता जाता : कडप्पा हा काळा दगड. आंध्र प्रदेशातल्या कडप्पा भागावरून त्याला हे नाव पडलं. हा चुनखडीचा प्रकार आहे. म्हणूनच त्याच्यावर लिंबू पिळलेलं राहिलं की डाग पडतो. लिंबातलं आम्ल आणि चुनखडी यांची रासायनिक क्रिया होते. तुमच्या ओट्यावर असे फिकट डाग आहेत का, बघा. पण मुद्दाम लिंबू पिळून पाहू नका हं, आईचा ओरडा खावा लागेल!)

कोपर किती उंचावर?

पाइप बदलला. गवंडीकाका ओटा पुन्हा बांधायला बसले आणि त्यांनी सहज विचारलं, "बाई, ओटा पहिल्याइतकाच ठेवायचा ना? पस्तीस इंच?"

आम्ही "हो" म्हणणार, तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून आजींचा आवाज आला, "पहिला बांधला, तेव्हा मला कुणी विचारलं होतं?"

सगळे गप्प. खरंच की! ज्या बाईनं त्या ओट्यापाशी इतकी वर्षं काढली, तिला कुणी विचारलंच नव्हतं. आजी म्हणाल्या, "माझ्या माहेरी चूल जमिनीवर होती. बसून स्वयंपाक करायचा. तिथं उंच आणि बुटकं असा प्रश्नच नव्हता. इथं आले आणि उभ्यानं रांधायला लागले. इतकी वर्षं खांदे वर करूनच भाजी परतते आहे."

मग मोजपट्टी आली. ओट्याच्या उंचीचा एक साधा ठोकताळा आहे. सरळ उभं राहायचं, हात कोपरात काटकोनात दुमडायचा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजायची. ओटा त्याच्यापेक्षा साधारण चार ते सहा इंच खाली हवा. म्हणजे खांदे उचलावे लागत नाहीत आणि पाठ वाकवावी लागत नाही. आजींचं कोपर छत्तीस इंचांवर होतं, म्हणजे त्यांना ओटा तीस ते बत्तीस इंच हवा. माझं चाळीसवर, म्हणजे मला चौतीस ते छत्तीस.

थोरल्याला नुकतीच शाळेत सरासरी शिकवली होती. त्यानं लगेच पेन्सिल काढली. एकतीस आणि पस्तीस यांची सरासरी तेहतीस! "तेहतीस इंच ठेवा, काका!"

उत्तर गणिताच्या दृष्टीनं बरोबर होतं. पण तेहतीस इंच आजींना उंच आणि मला ठेंगणं. दोघींनाही अवघडच! मुलांनो, सरासरी फार उपयोगाची असते. वर्गाचे सरासरी गुण काढता येतात, पावसाची सरासरी काढता येते. पण दोन माणसांच्या सरासरीएवढं तिसरं माणूस घरात राहत नसतं. बाटाच्या दुकानात आजोबांच्या आणि नातवाच्या पायाची सरासरी काढून दोघांना एकाच मापाची चप्पल घेतली, तर काय होईल?

उपाय गवंडीकाकांनी सुचवला : ओट्याच्या दोन उंच्या ठेवायच्या. शेगडीची स्वतःची उंची असते, त्यावर पातेल्याची उंची चढते. म्हणून शेगडीचा भाग तीस इंच ठेवला. तिथं आजीही काम करतात, मीही करते. कणीक मळायचा, पोळ्या लाटायचा भाग चौतीस इंच. ते काम घरात मी आणि मुलांचे बाबा करतो. आजी भाजी चिरतात ती खुर्चीत बसून. आणि आमची ती सुप्रसिद्ध फळी? रोज लागणाऱ्या वस्तू गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली असल्या, की वाकावं लागत नाही आणि चढावंही लागत नाही. मग फळी आजींच्या खांद्याच्या मापानं ठरली.

मोजपट्टी घेतलेली आर्किटेक्टबाई

हे सगळं मोजमाप चाललेलं असताना मी मुलांना एक खरी गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगते. त्यासाठी आपल्याला शंभर वर्षं मागं आणि थेट जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात जायचं आहे.

पहिलं महायुद्ध संपलं होतं आणि शहरात घरांची फार टंचाई होती. नगरपालिकेनं एर्न्स्ट माय या वास्तुरचनाकाराच्या देखरेखीखाली स्वस्त घरांच्या मोठ्या वसाहती बांधायला घेतल्या. घरं लहान, त्यात स्वयंपाकघर आणखी लहान. ते कसं असावं, हे ठरवायचं काम मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या तरुण बाईंकडे आलं. त्या व्हिएन्नाच्या. वास्तुरचनाकार झालेल्या ऑस्ट्रियातल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक. गंमत म्हणजे, तोवर त्यांनी स्वतः कधी घर सांभाळलं नव्हतं आणि स्वयंपाकही केला नव्हता. हे त्यांनीच पुढं सांगितलं.

मग त्यांनी काय केलं? मोजलं! एका कामाला किती वेळ लागतो, एका वस्तूसाठी किती पावलं पडतात, याचा अभ्यास केला. अमेरिकेतल्या क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी घरकामातल्या अशाच मोजमापांवर लिहिलेलं पुस्तक त्यांनी वाचलं होतं. आगगाडीच्या जेवणाच्या डब्यातलं स्वयंपाकघरही त्यांनी पाहिलं. इतक्या चिंचोळ्या जागेत इतक्या प्रवाशांचं जेवण कसं होतं, हे त्यांना समजून घ्यायचं होतं.

त्यातून १९२६ साली 'फ्रँकफुर्ट किचन' तयार झालं. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. खिडकीखाली उजेडात काम करायचा ओटा, बसून काम करता यावं म्हणून फिरतं स्टूल, मागंपुढं सरकवता येणारा दिवा, भिंतीला मिटवून ठेवता येणारी इस्त्रीची फळी. तांदूळ, साखर अशा जिनसांसाठी अॅल्युमिनियमचे नावं घातलेले खण. एका खोलीची पावलं मोजण्यातून निघालेलं हे काम फ्रँकफुर्टमधल्या सुमारे दहा हजार घरांत पोचलं! आज दुकानांत तयार जोडणीची स्वयंपाकघरं मिळतात, त्यांची ही पणजीच म्हणायची.

पण गोष्ट इथं संपत नाही. या स्वयंपाकघरात एक उणीवही होती. ते इतकं अरुंद होतं, की एका वेळी एकच माणूस नीट काम करू शकायचं. पुढच्या काळात अनेकांनी म्हटलं, की यात घरची बाई एकटी पडते, मदतीला कुणी येऊच शकत नाही. शिवाय ज्या जिनसाचं नाव खणावर, तोच जिन्नस त्यात ठेवायचा, हेही बऱ्याच जणांना जाचक वाटलं. बघा, पावलं अचूक मोजली गेली. पण 'इथं किती जण उभे राहणार?' या प्रश्नाचं उत्तर त्या काळी 'एक' असंच धरलं गेलं.

लिहोट्स्कीबाईंचं आयुष्यही मोठं धाडसाचं. हिटलरच्या राजवटीविरुद्ध काम केलं म्हणून १९४१ ते १९४५ त्या तुरुंगात होत्या. २००० साली त्या वारल्या, तेव्हा एकशेतीनावा वाढदिवस अवघ्या काही दिवसांवर होता.

ही गोष्ट ऐकून धाकटी ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. मग तिनं आजीला, मला, भावाला आणि बाबांना रांगेत उभं केलं. तीन माणसं मावली, चौथ्याचा पाय दारात! "तीन चालतील," ती म्हणाली. म्हणून ओट्यासमोर ठेवायचं ठरलेलं कपाट रद्द झालं.

भिंतीच्या आतली आणखी एक गोष्ट

आता वायरमनकाकांची पाळी. घर बांधलं, तेव्हा स्वयंपाकघरात विजेची वस्तू म्हणजे एक दिवा. नंतर मिक्सर आला, फ्रिज आला, पाणी तापवायची किटली आली. सॉकेट मात्र एकच आणि तोही छोटा, ६ अँपिअरचा.

आठवी-नववीतल्या दोस्तांनो, तुमच्यासाठी हे गणित. आपल्याकडे घरातली वीज २३० व्होल्टची असते. किटली १५०० वॉट, मिक्सर ७५० वॉट, फ्रिज साधारण २०० वॉट. तिन्ही एकदम चालले तर २४५० वॉट. भागिले २३०, उत्तर आलं साडेदहा अँपिअरच्या वर! ६ अँपिअरच्या सॉकेटवर हा भार पडला की तारा तापतात. तापलेल्या तारेचं आवरण वितळतं आणि मग आग लागायला वेळ लागत नाही. म्हणून मोठ्या उपकरणांना १६ अँपिअरचा मोठा सॉकेट, वेगळी तार आणि नीट अर्थिंग लागतं. हे काम जाणकार वायरमननंच करायचं. तुम्ही फक्त एक करा : एका सॉकेटला किती वस्तू लटकल्यात, ते मोजून मोठ्यांना सांगा.

गॅसचंही तसंच. आपला घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर न जाता जमिनीलगत साठतो. त्याला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ त्यात मिसळतात. वास आला, तर दिव्याचं कुठलंही बटण लावायचं नाही आणि बंदही करायचं नाही. बटणाची बारीकशी ठिणगीही पुरते. मोठ्यांना हाक मारायची, रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि बाहेरूनच १९०६ या मदतीच्या क्रमांकावर फोन करायचा. हा आकडा आजच स्वयंपाकघराच्या दारावर लिहून ठेवा. शिवाय शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी. आमचा ओटा खाली घेताना तेही मोजून पाहिलं.

'आता केलंच आहे तर...'

आता येते सगळ्यांत अवघड गोष्ट. काम सुरू झालं की घरात एक वाक्य फिरायला लागतं : "आता केलंच आहे तर..."

शेजारच्या काकू म्हणाल्या, "आता फोडलंच आहे, तर फरशीही बदलून घ्या." मुलांचे मामा म्हणाले, "आता केलंच आहे, तर चिमणी बसवा." रंगारीकाका म्हणाले, "बाहेरच्या खोलीलाही हात मारून टाकू." प्रत्येकाचं म्हणणं चांगलं आणि प्रत्येक म्हणण्याला पैसे.

उत्तर सापडलं ते धाकटीमुळे. फरशीची चर्चा चालली असताना तिनं गवंडीकाकांना विचारलं, "काका, फरशी नाही बदलली तर पाइप परत गळेल?"

गवंडीकाका हसले. "नाही गं बाळा. फरशीचा आणि पाइपाचा काय संबंध?"

झालं, नियम मिळाला! आम्ही वहीचं एक पान घेऊन मधोमध रेघ मारली. डावीकडे 'आत्ता' आणि उजवीकडे 'नंतर'. प्रत्येक कामाला एकच प्रश्न : हे केलं नाही, तर झालेलं काम वाया जाईल का, किंवा कुणाला इजा होईल का? उत्तर 'हो' आलं तर 'आत्ता', 'नाही' आलं तर 'नंतर'. पाइप? हो. विजेच्या तारा? हो, कारण भिंत लिंपल्यावर त्यासाठी ती पुन्हा फोडावी लागली असती आणि धोकाही होता. ओट्याची उंची? हो, दगड पुन्हा कोण उचलणार? फरशी? नाही. चिमणी? खिडकी उघडली की वाफ जाते, सध्या नाही. बाहेरच्या खोलीचा रंग? नाही.

काम वाढतं ते दोन तऱ्हांनी, दोस्तांनो. एक गरजेनं वाढतं, एक मोहानं. दोन्ही दिसायला सारखीच दिसतात. म्हणून प्रश्न विचारायचा.

तरीही 'आत्ता'च्या रकान्याची बेरीज आमच्या ठरवलेल्या पैशांपेक्षा बरीच वर गेली. थोरल्याची शाळा तीन किलोमीटरवर आहे. दिवाळीला त्याला सायकल घ्यायची म्हणून आम्ही पैसे बाजूला ठेवले होते. ते या कामात गेले. आम्ही त्याला समोर बसवून सगळे आकडे दाखवले : पाइपाचे इतके, तारांचे इतके, मजुरीचे इतके. त्यानं बेरीज तपासली. ती बरोबर होती. त्या संध्याकाळी तो कुणाशी फारसा बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं वहीत नवं पान काढलं, वर 'सायकल' लिहिलं आणि खाली लिहिलं : 'बस चुकली की पहिला तास बुडतो. हे पण वाया जाणंच आहे.' मुद्दा अगदी खरा होता. आता दर महिन्याला त्या पानावर पैशांची एक ओळ वाढते आणि तोवर बाबा त्याला शाळेत सोडतात. सायकल अजून आलेली नाही. पण तिच्या वरती दुसरं कुठलंही काम लिहायचं नाही, असं घरात ठरलं आहे.

काम एकूण तीन आठवडे चाललं. तोवर स्वयंपाक पडवीत. शेजारून आमटीचा डबा यायचा, मग रिकामा डबा परत कसा द्यायचा म्हणून आमच्याकडून शिरा जायचा. भिंत पुरती वाळल्यावर रंग लागला आणि सगळ्यांत शेवटी, पाच मिनिटांत, फळी ठोकली गेली. आजी पहाटे स्वतःचा चहा करून घेतात. हल्ली एक कप जास्त ठेवतात. मुलांचे बाबाही लवकर उठायला लागले आहेत.

या आठवड्याचा उद्योग

१. घरात कुणी चहा करत असेल, तेव्हा दाराशी उभे राहून पावलं मोजा. एक चहा म्हणजे किती पावलं? मग चहाचा डबा, दूध आणि पातेलं यांच्या जागा घरच्यांना विचारून बदला आणि पुन्हा मोजा. किती पावलं वाचली?

२. घरातल्या प्रत्येकाच्या कोपराची उंची आणि ओट्याची उंची मोजा. ओटा कुणाच्या मापाचा निघाला? आणि त्या ओट्यापाशी रोज काम कोण करतं?

३. भिंतीला ओल असेल, तर चांदीच्या कागदाची तपासणी करा. थेंब कुठल्या बाजूला आले, ते वहीत लिहा.

४. घरात एखादं काम निघणार असेल, तर 'आत्ता' आणि 'नंतर' अशी वही तुम्ही सांभाळा.

पालकांसाठी दोन ओळी : घरातल्या कामाचे आकडे मुलांना दाखवायला संकोचू नका. नुसतं 'परवडत नाही' ऐकलं की मूल हिरमुसतं. बेरीज दाखवली की तेही आपल्यासोबत हिशोबाला बसतं. आणि ओटा, फळी, नळ यांची मापं ठरवताना, तिथं रोज उभं राहणाऱ्या माणसाला आधी विचारा.

तर मग, मोजपट्टी काढा! कुणाच्या घरी एका चहाला सगळ्यांत जास्त पावलं पडतात, ते मला जरूर लिहून कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमच्या बाई